नुसता नकाशा पुरत नाही
मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा मिळाला की मन संगणकात उतरलंच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटरच्या कृमीत 302 चेतापेशी. त्यांचा नकाशा 1986 सालीच छापून आला. तरी संगणकात तो कृमी अजून पुरता जिवंत झालेला नाही. कोणती जोडणी किती जोरदार, कुठलं रसायन कधी पाझरतं, हे नकाशात दिसतच नाही. माणसात अशा पेशी सुमारे 8,600 कोटी!

आमचे आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून, हुंगून भाव सांगायचे. ती जाण एकट्या मेंदूत नव्हती, बोटांत आणि नाकातही होती. ते सगळं वगळून जे उतरवाल, त्याला मी आजोबा म्हणणार नाही.

आणि मूळ माणूस जिवंत असतानाच प्रत चालू केली, तर घरच्यांनी हाक कुणाला मारायची? यावर तुमचं मत ऐकायचंय.