यूसीई (जीनोममधले जवळजवळ न बदलणारे डीएनएचे तुकडे) आणि मायटोकाँड्रिया प्रजातींच्या नात्यांची वेगवेगळी झाडं देतायत, बूटस्ट्रॅप (फांदीला मिळणारा आधार) मात्र १००. काय मानायचं?

बोरिवलीची_पाल:
सह्याद्रीतल्या निमास्पिस पालींच्या १६ प्रजातींचं काम चालू आहे. चतुष्पाद प्राण्यांसाठीचा ५,०६० लोकसचा (जीनोममधल्या ठरावीक जागांचा) यूसीई प्रोब संच, म्हणजे ते तुकडे पकडणारे गळ, वापरला आणि क्रमांची जुळवाजुळव फायल्यूस या सॉफ्टवेअरमध्ये केली. किमान ७५ टक्के नमुन्यांत मिळालेले लोकसच ठेवले, ते २,१४० भरले. क, ख, ग असे तीन गट पडतात आणि भांडण त्यांच्यातच आहे.

सगळे लोकस एकापुढे एक जोडून आयक्यूट्री (झाड काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर क आणि ख शेजारी, यूएफबूट (त्यातला झटपट बूटस्ट्रॅप) १००. ॲस्ट्रल (एकेका लोकसच्या झाडांवरून प्रजातींचं झाड काढणारं) म्हणतं क आणि ग, आधार १ पैकी फक्त ०.७१. मायटोकाँड्रियाची १३ जनुकं ख आणि ग जवळ आणतात, तिथे ९८. विभागात एक मत असं की १०० आलंय ना, मग छापून टाका. मला ते पटत नाही, पण उत्तर काय द्यायचं तेही कळत नाही.

कलिना_मागचं_गेट:
पटत नाही तेच बरोबर आहे. बूटस्ट्रॅप एवढंच सांगतो की याच विदेतून पुन्हापुन्हा नमुने काढले तर तीच फांदी येते का. दहा लाख स्थानं (डीएनएची अक्षरं) जोडल्यावर जवळपास काहीही १०० देतं. मॉडेल चुकीचं असेल तर चुकीचं झाडही तितक्याच ठामपणे १०० देईल. जीनोमभर विदा असते तेव्हा यादृच्छिक चूक उरत नाही, पद्धतशीर चूक तशीच राहते आणि बूटस्ट्रॅपला ती दिसत नाही.

जनुकवृक्ष (एकेका लोकसची झाडं) एकमेकांशी न जुळणं यात नवल नाही. माणूस, चिंपांझी, गोरिला घ्या. माणूस-चिंपांझी जवळचे याबद्दल वाद नाही, तरी जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला त्यातल्या एकाच्या जास्त जवळ निघतो. दोन फाटे लागोपाठ फुटले आणि पूर्वजांची संख्या मोठी होती की जनुकांचे जुने प्रकार तसेच पुढे वाहत जातात.

मायटोकाँड्रियाच्या तेरा जनुकांचं म्हणाल, तर एकाच घरातले तेरा जण साक्षीला आले तरी साक्ष एकच. ती सगळी एकत्र वारशात येतात, त्यामुळे तो एकच लोकस धरा. तो चुकलाय असं नाही, पण संकर झाला असेल तर तो दुसऱ्या प्रजातीचा इतिहास सांगत असू शकतो.

आता करायचं ते: प्रत्येक लोकसचं वेगळं झाड काढा (आयक्यूट्रीत मोठा एस), मग जोडलेल्या झाडावर जीसीएफ (किती टक्के जनुकवृक्षांत ती फांदी आहे) आणि एससीएफ (किती टक्के स्थानं तिच्या बाजूने आहेत) मोजा. एससीएफसाठी २.२.२ नंतरची आवृत्ती असेल तर लाइकलिहुडवाला पर्याय घ्या. वादातल्या फांदीचे आकडे इथे टाका. पर्यायी मांडण्यांचे आकडेही हवेत, नुसता जीसीएफ टाकू नका.

ठाणे_खाडी:
+१. पण ॲस्ट्रलच्या ०.७१ वरही फार भिस्त ठेवू नका. यूसीईचा गाभा जवळजवळ बदलत नाही, माहिती असते ती दोन्ही बाजूंच्या भागांत. ऊतक खराब असेल तर बाजूचे भाग येतच नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या नळीतलं इथेनॉल उडतं, उरलेलं हवेतलं पाणी ओढून पातळ होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. अशा नमुन्याचा २०० बेसचा तुकडा ७०० च्या रांगेत बसवला की तो झाडावर कुठेही जाऊन बसतो.

म्हणून आधी प्रत्येक लोकसमधून त्याच्या मध्यक लांबीच्या निम्म्याहून आखूड क्रम काढून टाका. ट्रीश्रिंक चालवून अवास्तव लांब फांद्या उडवा. जनुकवृक्षांतल्या १० टक्क्यांहून कमी आधाराच्या फांद्या मिटवा, नाहीतर आधाराला वजन देणारं ॲस्ट्रल वापरा. गाळणी मात्र बेताने लावा. ट्रिमएएल (रांगेतले शंकास्पद भाग छाटणारं सॉफ्टवेअर) कडक चालवलंत तर बाजूचे भागच कापले जातील, आणि तुमची माहिती तिथेच आहे.

बोरिवलीची_पाल:
आकडे असे:
क+ख: जीसीएफ १४, एससीएफ ३७
क+ग: १३ आणि ३६
ख+ग: ५ आणि २७
याशिवाय जीडीएफपी नावाचा एक आकडा ६८ आहे. तो काय?

कलिना_मागचं_गेट:
तोच तर सगळ्यात बोलका आहे. ६८ टक्के जनुकवृक्षांत तुमचे गट मुळात अखंडच नाहीत. म्हणजे क-ख-ग हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. कारणं दोन: लोकसमध्ये माहिती कमी, किंवा एखादा नमुना भटकतोय.

एससीएफचा तळ साधारण ३३ असतो, तीन पर्याय म्हणून. ३७ आणि ३६ मध्ये निवड करण्यासारखं काही नाही, १०० आलं ते या एका टक्क्याच्या जोरावर. पण ख+ग चे ५ आणि २७ डोळ्यात खुपतात. नुसते जुने प्रकार वाहत आले असते तर दोन्ही हरलेल्या मांडण्या साधारण सारख्या आल्या असत्या. १३ विरुद्ध ५ म्हणजे क आणि ग यांच्यात काहीतरी देवाणघेवाण झाली आहे: एक तर निसर्गात, नाहीतर प्रयोगशाळेत तुमच्या नमुन्यांच्या प्लेटवर.

ठाणे_खाडी:
प्लेट आधी तपासा. २०१५ मध्ये एका जलअस्वलाच्या (टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या) जीनोममध्ये सहावा हिस्सा परक्या जनुकांचा असल्याचं छापून आलं होतं. पुढे कळलं की बरंचसं जिवाणूंचं दूषण होतं.

यूसीई पकडताना मायटोकाँड्रियाचे तुकडे आपोआप सोबत येतात. प्रत्येक नमुन्याच्या कच्च्या विदेतून मायटोफाइंडरने ते काढा आणि सीओ१ (मायटोकाँड्रियाचं एक जनुक) चं झाड करा. दोन वेगळ्या प्रजातींचा सीओ१ तंतोतंत सारखा आला तर आधी नळ्यांची अदलाबदल किंवा मिसळ झाली का ते पाहा. एकाच नमुन्यात दोन तऱ्हेचे सीओ१ दिसले तर दूषणाची शक्यता मोठी. मग क गटातला एकेक नमुना वगळून जीडीएफपी पुन्हा मोजा. एकाला काढताच तो धाडकन खाली आला तर चोर सापडला.

सगळं स्वच्छ निघालं तरच डी-स्टॅटिस्टिककडे (संकरातून झालेली देवाणघेवाण तपासणारी चाचणी) वळा. फाटे फार जुने असतील तर एकाच स्थानावर पुन्हापुन्हा बदल होऊन तेही फसवं येतं. बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेली गटाबाहेरची प्रजाती) दूरचा असेल तर तो काढून झाड बदलतं का तेही पाहा, लांब फांद्या एकमेकींना ओढतात.

शेवटी ॲस्ट्रलमधली बहुशाखा चाचणी लावा. पी-मूल्य ०.०५ च्या वर आलं तर ती फांदी शून्य लांबीची असणं नाकारता येत नाही. मग तिथे तीन फाटे एकत्र काढा आणि तिन्ही मांडण्यांचे आकडे तक्त्यात द्या. परीक्षक १०० बद्दल विचारणारच, एससीएफचा रकाना शेजारीच ठेवा.