दहावीच्या सरांसाठी बॅचने काय करावं? (शाल-श्रीफळ सोडून सुचवा)

पाटी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. आमची १९९७ ची दहावीची बॅच, सातारा जिल्ह्यातली शाळा. व्हॉट्सअॅप ग्रूपवर सध्या एकच विषय चालू आहे, आमच्या गणिताच्या सरांसाठी काहीतरी करायचं. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता सत्तरी पार केलीय, गावीच असतात, बाईंचे, म्हणजे त्यांच्या मिसेसचे, गुडघे गेलेत.

सरांबद्दल थोडं सांगतो म्हणजे कल्पना येईल. तेव्हा गणित दीडशे मार्कांचं, बीजगणित वेगळं नि भूमिती वेगळी, आणि आमच्यातल्या निम्म्यांची दांडी भूमितीत उडणार हे सहामाहीलाच कळलेलं. मग सरांनी दिवाळीनंतर रात्रीची अभ्यासिका सुरू केली, आम्ही वळकट्या घेऊन शाळेतच झोपायला, सर अकरापर्यंत बसायचे आणि पहाटे साडेचारला येऊन पायाच्या अंगठ्याला धरून उठवायचे, लाईट गेली तर कंदील त्यांच्याच घरचा. एक रुपया फी नाही. रायडर (भूमितीचं अवघड उदाहरण) सुटत नसला की म्हणायचे आधी आकृती मोठी काढ, लिंबाएवढ्या वर्तुळात तुला स्पर्शिका दिसणार कशी. आज मी ड्रॉइंग ऑफिसात काम करतो, ज्युनियर पोरांना हेच ऐकवतो.

तर ग्रूपवर वर्गणी १ लाख ८० हजाराच्या आसपास जमलीय आणि आता दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते कार्यालय घेऊन जंगी सत्कार करू, आमदारांना बोलवू आणि सरांना तोळ्याची अंगठी घालू. दुसरीला हे पटत नाही पण दुसरं काय ते सुचत पण नाही. सरांना फोन केला तर म्हणाले शाल आणलीत तर दारातनं परत पाठवीन. स्वतः ते साताऱ्याला शिवाजी कॉलेजात कमवा-शिका मध्ये राबून शिकलेले, त्यामुळे फुकटचं घ्यायचं म्हटलं की अंगावरच येतात. कुणी असं काही केलं असेल तर सांगा, दिवाळीत सगळे गावी येणार आहेत.

तीनशेपासष्ट
जंगी सत्कार करूच नका राव. आमच्या बॅचने केला होता, पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर सर आणि बाई स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हात बसून, आणि ज्यांच्यासाठी सगळं त्यांना बोलायला शेवटी पाच मिनिटं कारण जेवण थंड होत होतं. नंतर डीजे. फोटो मात्र झकास आले. तो कार्यक्रम आमचा आमच्यासाठीच होता हे तेव्हाच सगळ्यांना कळत होतं, बोललं कुणी नाही.

हिशोबनीस_काका
अंगठीवाल्या पार्टीला एक गोष्ट सांगा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रोख भेट एकूण ५० हजारांच्या वर गेली तर वरचीच नाही, सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. दागिन्यांना पण तोच ५० हजाराचा नियम, बाजारभावाने. लग्नातल्या आहेराला सूट आहे, सत्काराला नाही. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय, म्हणजे अंगठी तुमची आणि रिटर्नमध्ये दाखवायची कटकट पेन्शनर माणसाच्या गळ्यात. घरात वापरायच्या वस्तू, म्हणजे वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, कानाचं मशीन वगैरे, यात येत नाहीत, तिथं खुशाल खर्च करा.

आणि शाळेला द्यायचं ठरलं तर संस्थेकडे देणगीवर टॅक्स सवलत मिळायची नोंदणी (८०जी म्हणतात ती) आहे का ते आधी विचारा, पैसे चेकने नाहीतर ऑनलाइन द्या, रोखीत २००० च्या वर दिलेल्याला वजावट नाही. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तरच हा फायदा, नव्यात विसरा. पावती तरी घ्याच, नंतर ग्रूपवर हिशोबावरनं भांडणं होतात ती याच्यावाचूनच.

खडूची_धूळ
मी स्वतः तेहेतीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेली बाई, म्हणून आमच्या बाजूचं सांगते. माझ्या कपाटात शालींचा एक पूर्ण खण आहे, नारळाच्या तर वड्या करून करून शेजारीपाजारी कंटाळले. मानचिन्हं पुसायला पण जीवावर येतं, टाकवत नाहीत.

शाळेत सरांच्या नावाने बक्षीस ठेवायचं तुमच्या मनात येईलच, सगळ्यांच्या येतं. ठेवा, पण एवढं बघा. आमच्या शाळेत पन्नास वर्षांपूर्वीच्या पाचशे-हजाराच्या बक्षीस ठेवी आहेत, तेव्हा त्या व्याजात पोराला पुस्तकं यायची, आता वर्षाचे साठ-सत्तर रुपये येतात आणि स्नेहसंमेलनात नाव पुकारून मुलाच्या हातात तेवढंच पाकीट देतात, देणाऱ्याला नि घेणाऱ्याला दोघांनाही अवघडल्यासारखं. तेव्हा रक्कम बरी असू दे. दीड लाख सात टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाला साडेदहा हजार, त्यात दोन-तीन पोरांची वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास निघतो. आणि दर काही वर्षांनी बॅचने त्यात भर घालायची असं आधीच लिहून ठेवा. पहिल्या नंबरालाच द्या असंही करू नका, त्याला चार ठिकाणनं मिळतं. तुमचे सर ज्यांच्यासाठी कंदील घेऊन बसले ती पोरं पहिल्या नंबराची नव्हती ना?

आणखी एक, हे पैशाचं नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत रांग, बोटाचे ठसे उमटत नाहीत (खडूने झिजलेत असं आम्ही गमतीने म्हणतो), मुलगा पुण्यात. माझा एक जुना विद्यार्थी दर नोव्हेंबरात मोबाईल घेऊन घरी येतो, चेहरा स्कॅन करून पाच मिनिटांत काम करतो आणि मग चहा पिऊन तासभर बसतो. वर्गात अत्यंत व्रात्य होता. सगळ्या सत्कारांत मला हा सत्कार आवडतो.

मु_पो_कोरेगाव
खडूची धूळ बाईंना +१. गावात राहणारे दोन-तीन जण नेमून टाका आणि काम वाटून घ्या. सरांचं वय सत्तरच्या वर आहे तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का विचारा, २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्न न बघता दवाखान्याच्या खर्चाचं ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, आधारवर निघतं. आमच्या सरांना माहीतच नव्हतं. बाईंच्या गुडघ्यांचं म्हणताय तर बाथरूमला धरायला दांडे आणि कमोड बसवून द्या, हे असलं कुणी स्वतःहून मागत नाही, मिस्त्री घेऊन थेट घरी जायचं.

पाटी_पेन्सिल
सगळ्यांचे आभार. काकांचं टॅक्सचं तसंच्या तसं ग्रूपवर टाकलं, अंगठी पार्टी तासाभरात गप्प झाली, आमदारवाली अजून आहे. दीड लाखाची ठेव शाळेत आणि उरलेल्यातनं बाथरूमचं काम असं बहुतेक होईल. सरांना ठेवीचं सांगितलं तर पहिला प्रश्न, बक्षीस गणितातच कशाला, भूगोलाच्या बाईंनी काय पाप केलंय. म्हणजे आता भूगोलाच्या बाईंचा पत्ता शोधणं आलं.

@खडूची_धूळ बाई, चेहरा स्कॅनवालं ते कुठल्या अॅपवरनं करतात? आमच्यातला एक जण कराडलाच असतो, त्याला आत्ताच शिकवून ठेवतो.

खडूची_धूळ
जीवन प्रमाण. आधारचं फेस आरडी म्हणून एक वेगळं अॅप पण लागतं, दोन्ही टाकायला सांगा. आणि उजेडात बसवा हो सरांना, नाहीतर पापणी हलवा, पापणी हलवा म्हणत बसतं ते.