समुद्रकाठच्या इमारतींना पॅच रिपेअर पुरेसे आहे का?

धागाकर्ता

मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट पुष्कळदा भेगा, ओल आणि सुटलेले प्लास्टर यांची नोंद करून आटोपते, आणि मग दिसणाऱ्या जागा फोडून पॉलिमर मॉर्टरने भरल्या जातात (पॅच रिपेअर). माझ्या मते क्लोराईड (मिठाचा घटक) जेथे सळईपर्यंत पोहोचले आहे, तेथे ही पद्धत अपुरी आहे आणि कधी कधी हानिकारकही आहे.

काँक्रीटचा सामू (pH) साधारण १२.५ ते १३ असल्यामुळे सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. खाऱ्या हवेतून किंवा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून आलेले क्लोराईड हा थर सर्वत्र नव्हे, तर ठिकठिकाणी फोडते. त्या लहानशा जागी लोखंड विरघळून खड्डा पडतो, आजूबाजूची निरोगी सळई कॅथोड (या विद्युत-रासायनिक क्रियेचे न गंजणारे टोक) बनून त्या क्रियेला बळ देते, आणि खड्ड्याच्या आत आम्लता वाढत गेल्याने तो खोल होत राहतो. सगळीकडे सारखा गंज चढला, तर तो फुगून कव्हरला (सळईवरच्या काँक्रीटच्या थराला) लवकर भेग पाडतो आणि रहिवाशांना सावध करतो. ओल्या, प्राणवायू कमी असलेल्या काँक्रीटमध्ये मात्र खड्ड्यातील गंज पसरून जातो आणि बाहेर भेग दिसेलच असे नाही.

प्रतिसाद १ : गृहनिर्माण संस्थेचा पदाधिकारी

शास्त्र मान्य आहे. पण आमच्यासारख्या संस्थेत निवृत्त सभासद बरेच आहेत आणि दुरुस्ती निधी तुटपुंजा आहे. प्रत्येक बीम उघडून पाहण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडला, तर काहीही न होण्याचीच शक्यता अधिक. स्लॅबचे पडणारे तुकडे आधी थांबवायला हवेत, कारण खाली मुले खेळतात.

प्रतिसाद २ : संरचना अभियंता

धागाकर्त्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. शहराच्या आतल्या भागातील कित्येक इमारतींत मूळ कारण कार्बोनेशन असते, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साईडमुळे काँक्रीटचा सामू उतरतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन (सामूनुसार रंग बदलणारे द्रावण) शिंपडले की रंग न चढणारा पट्टा ते दाखवून देतो. अशा ठिकाणी गंज बहुतांशी समान चढतो आणि नीट केलेले पॅच रिपेअर टिकते. शिवाय स्लॅबमध्ये सळ्या अनेक असतात, सर्वांतील खड्डे एकाच छेदावर येत नाहीत आणि भार शेजारच्या सळ्यांवर जातो. प्रत्येक खड्ड्याला संकट मानले, तर पाडण्याची गरज नसलेल्या इमारतीही पाडल्या जातील.

धागाकर्ता

कार्बोनेशनचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच आधी निदान हवे असे मी म्हणतो. परंतु भार वाटला जाण्याचा आधार कँटिलिव्हर (एकाच टोकाला धरलेल्या) बाल्कनीला फारसा मिळत नाही, कारण तिचा सारा ताण वरच्या मोजक्या सळ्यांवर असतो. १२ मिमीच्या सळईची चहूबाजूंनी ०.५ मिमी झीज झाली, तर छेद सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. क्लोराईडमुळे खड्ड्याची खोली सरासरी झिजेच्या चार ते आठ पट असू शकते, म्हणजे येथे २ ते ४ मिमी. अशी सळई ताणून लांब होण्याआधीच खड्ड्यापाशी तुटू शकते. वाकण्याची पूर्वसूचना मग मिळत नाही, आणि मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. पूर्वताणित काँक्रीटच्या (ज्यात पोलादी तारा ताणून ठेवलेल्या असतात) बारीक तारांना तर हा धोका आणखी मोठा. पणजीचा मांडवी पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, त्यामागे तारांचा गंज होता.

पॅचमुळे होणारी हानी वेगळी. नव्या मॉर्टरमधील सळई सुरक्षित होते, पण तिच्या कडेचे जुने, क्लोराईडयुक्त काँक्रीट तसेच राहते. पूर्वी गंजणारी जागा शेजारच्या सळईला नकळत संरक्षण देत होती. ते संपल्यावर गंज पॅचच्या कडेला नव्याने सुरू होतो. काही वर्षांत त्याच बीमवर दुसरा चौकोन फोडावा लागतो, तो यामुळे.

प्रतिसाद १ : गृहनिर्माण संस्थेचा पदाधिकारी

मग सगळे न उघडता किमान काय मागावे?

प्रतिसाद २ : संरचना अभियंता

बाल्कन्या, गच्चीखालचे बीम आणि समुद्राकडील कॉलम एवढे निवडा. तेथे सळईच्या खोलीवरील काँक्रीटची भुकटी काढून क्लोराईड मोजून घ्या. हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युत विभव मोजणारी) जरूर करा, पण ती गंजाची शक्यता सांगते, खड्ड्याची खोली नव्हे. त्यासाठी थोड्या जागा उघडून, सळई घासून, उरलेला व्यास व्हर्नियरने मोजावाच लागतो. क्लोराईड जास्त निघाले, तर पॅचच्या कडेला झिंक अ‍ॅनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) बसवण्याची अट टेंडरमध्ये घाला. सरसकट पॅच रिपेअरला माझा पाठिंबा या मोजणीनंतरच राहील, एवढी दुरुस्ती मी माझ्या आधीच्या मतात करतो.