पुण्याच्या पेठांतून चालताना वर बघायचं राहून गेलंय. रविवारी आईला कुठे नेऊ, कुठे खाऊ?

गाडी_गॅरेजात

मेकॅनिकने "शनिवारी बघू" म्हणत माझी गाडी ठेवून घेतली. कुठला शनिवार ते मी विचारलं नाही, चूक माझीच. त्यामुळे गेले दहा दिवस सदाशिव पेठेतून अप्पा बळवंत चौकातल्या ऑफिसला चालत जातेय. याच रस्त्याने चौदा वर्षं गाडीवरून गेले आणि मला दिसलं काय, तर खड्डे, पार्किंगच्या पी-वन पी-टू पाट्या आणि पुढच्या रिक्षाचं बूड.

मंगळवारी ऊन लागलं म्हणून एका मोबाइल कव्हरवाल्याच्या दुकानापुढे सावलीत थांबले. सहज मान वर गेली. शटरच्या वर जुन्या दाराची चौकट तशीच आहे आणि तिच्या मधोमध गणेशपट्टी. वीतभर उंचीचा लाकडी गणपती, दोन्ही बाजूंना वेल. दर दिवाळीला कुणीतरी ऑइलपेंट फासत आल्यामुळे पाकळ्या बुजून नुसते उंचवटे राहिलेत. गणपतीच्या पोटाशी खिळा ठोकून केबलची वायर नेलीय. दुकानदाराला विचारलं तर तो बाहेर येऊन माझ्याबरोबरच पहिल्यांदा बघत होता!

तर रविवारी साताऱ्याहून आई येतेय. वय अडुसष्ट, उजवा गुडघा कुरकुरतो, पण बघण्याची हौस दांडगी. अर्धा दिवस आहे. शनिवारवाडा नको, चारदा झालाय आणि चारही वेळा "आत काही नाहीच की गं" ऐकून झालंय. लाकूडकाम, दगडकाम, जुनी दारं असं काहीतरी सुचवा. खायला टेकून बसता येईल अशी जागा हवी. गुळगुळीत भिंतीवर नवे कंदील टांगून "वाडा" नाव ठेवलेली हॉटेलं कृपया नकोत. एकात गेलो होतो, पिठलं-भाकरीच्या बिलात सातारा जाऊन-येऊन झालं असतं.

लाकूडकामी

विश्रामबागवाडा. रोज त्याच्यासमोरून जात असाल, म्हणूनच सांगतोय. फक्त त्याच्या फुटपाथवरून बघू नका, तिथून काही दिसत नाही. रस्ता ओलांडून समोर उभ्या राहा. रस्त्यावर झेपावलेला सगळा लाकडी सज्जा तेव्हा एका नजरेत येतो.

मग एकच खांब निवडा आणि खालून वर बघत जा. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, सुरूच्या झाडासारखा. म्हणून सुरूचा खांब. वर महिरप, आणि महिरपीच्या कडेला खाली डोकं करून लोंबणारं केळफूल. हे तीन शब्द आईंना सांगून ठेवा. मग पेठेत जिथे जिथे अर्धा पाडलेला वाडा दिसेल तिथे त्या स्वतःच तुम्हाला दाखवतील. अर्ध्याअधिक खांबांना आता टीव्हीच्या डिश टेकलेल्या असतात, तो भाग वेगळा.

वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. त्याचं राज्य गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या आगीत बराच भाग जळाला. दुरुस्तीची कामं अधूनमधून चालू असतात, तेव्हा आत सोडतात का हे त्या दिवशी दारावरच विचारा. मला विचाराल तर खरी मजा बाहेरच आहे.

चहाबाज

अकराचा चहा: सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य, १९२४ पासूनचं. पुण्यातले बरेचसे जुने अमृततुल्यवाले मूळचे राजस्थानातले, हे आईंना सांगा. साताऱ्याच्या माणसाला पुण्याबद्दल असं काही ऐकायला बरं वाटतं.

चहा पिण्यापेक्षा तो होताना बघण्यात जास्त आहे. अमृततुल्यात शक्यतो पातेल्याजवळची जागा धरा. पितळी पातेलं, खलबत्त्यात आलं आणि वेलदोडा ठेचल्याचा आवाज, मग गाळायचं फडकं दोन्ही हातांनी पिळणं. पंधरा मिनिटं आरामात जातात. टेकून बसायचं मात्र विसरा. अमृततुल्यात टेकायला आलेल्या माणसाकडे कसं बघतात तुम्हाला माहीत असेलच.

सोमवारकर

सगळे लक्ष्मी रोडच्या अलीकडेच घुटमळताय. पूल ओलांडा. सोमवार पेठेत नागझरीच्या काठाला, कमला नेहरू हॉस्पिटलजवळ, त्रिशुंड गणपती आहे. पुण्यात एकच जागा बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन. आणि हे मी तिथला म्हणून नाही म्हणत. (थोडं म्हणतोय.)

सगळं देऊळ काळ्या दगडाचं. १७५४ मध्ये भीमगिरजी गोसाव्याने सुरू केलं, १७७० ला गणपती बसला. शिखर पूर्ण नाही, त्यामुळे लांबून देऊळ आहे हेच कळत नाही आणि लोक पुढे निघून जातात. दर्शनी भिंत मात्र इंच-इंच कोरलेली. द्वारपाल, गजलक्ष्मी, झुंजणारे हत्ती हे सगळं बघून झालं की खाली गेंडा शोधा. होय, गेंडा. साखळदंडाने बांधलेला, आणि बांधणारे टोपीवाले बंदूकधारी शिपाई. पेशव्यांच्या पुण्यात, गणपतीच्या दारात, गोरे शिपाई आणि गेंडा! मी शाळेत जाताना रोज त्यावर हात ठेवून जायचो, तो पेपरावर छापायच्या लायकीचा आहे हे चाळिशीत कळलं.

आत मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. भिंतीवर संस्कृत शिलालेख आहेत आणि एक फारसीही. खाली तळघरात समाधी आहे, तिथे पाणी असतं. ते गुरुपौर्णिमेला उघडतात, एरवी हट्ट करू नका. दाराला पायऱ्या आहेत, पण आईंना जमतील.

शंकासुर

सोमवारकर, तो गेंडा म्हणजे इंग्रजांनी गिळलेला बंगाल, असं तुम्ही आता लिहिणार म्हणून आधीच हात वर करतो. प्लासीची लढाई १७५७ ची, देवळाचं काम १७५४ ते १७७०, तेव्हा काळ जुळतो हे मान्य. पण पाथरवटाने मनातलं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

सोमवारकर

मी बंगालचं नावही काढलं नव्हतं. पण आता तुम्हीच काढलंत, तर मला ते पटतं. बंगाल-आसामकडचा प्राणी इथल्या कारागिराने उगीच नसेल कोरला.

मंडईची_मावशी

तुळशीबागेत खरेदीला गेलात की पन्नास पावलं आत रामाच्या देवळातही जा गं. बांगड्यांच्या दुकानांमुळे निम्म्या पुण्याला तिथे देऊळ आहे हेच लक्षात राहत नाही. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ ला काम काढलं. शिखराच्या कोनाड्याकोनाड्यांत मूर्ती आहेत, मान दुखेपर्यंत बघ. सभामंडपात आईला बसवता येईल, टेकायला खांब आहे. पंखा असेल तिथे आधीच कुणीतरी आजी बसलेल्या असतील, त्यांना सरकायला सांगायचं नाही.

मग मंडई. मधला अष्टकोनी मनोरा भाजी घेताना कुणी बघत नाही. १८८६ ची इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा. गंमत म्हणजे नगरपालिकेत असताना जोतिराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आधी शिक्षणावर खर्च करा म्हणून. आज मंडईला नाव त्यांचंच.

झणझणीत_नको

खाणं. वैद्य उपाहारगृह, फडके हौदाजवळ. शंभरी ओलांडलेलं. हिरव्या रश्श्याची मिसळ, आलं-मिरचीची, लाल तर्री नाही. साताऱ्याच्या पाहुण्यांनी "ही मिसळ?" असं विचारायची तयारी ठेवा. तुमच्या मार्गातही आहे.

तर्रीबाज

हिरव्या रश्श्याला मिसळ म्हणणाऱ्यांनी आणि नारायण पेठेत गोडसर मिसळ स्लाइसबरोबर खाणाऱ्यांनी एक वेगळा धागा काढावा.

झणझणीत_नको

नारायण पेठेतल्या त्या बेडेकरांच्या मिसळीबद्दल बोलायचं काम नाही. स्लाइस रस्सा पितो, पाव नुसता भिजतो.

कॅम्पवाला

सगळे पेठेतच फिरणार का? कॅम्पात लाल देऊळ बघा. देऊळ म्हणतात पण ते ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे, १८६७ चं, डेव्हिड ससूनने बांधून घेतलेलं. लाल विटा, उंच मनोरा. आत जायला परवानगी काढावी लागते, पण बाहेरूनही रस्त्यात उभं राहून बघावं असं आहे. मात्र गुडघा आणि एकच सकाळ म्हणताय तर हे पुढच्या खेपेला.

गाडी_गॅरेजात

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, आणि रिपोर्ट देणं आलंच.

विश्रामबागवाड्यासमोर आई वीस मिनिटं उभी. केळफूल शब्द ऐकल्यावर म्हणाली, "आमच्या आजोळच्या सोप्यात हेच होतं की, आम्ही त्याला परकर वाळत घालायचो." तुळशीबागेत पंख्याखाली खरंच एक आजी होत्या. दहा मिनिटांत दोघींची सुनांवर चर्चा सुरू. मी शिखर बघितलं, त्यांनी नाही.

मिसळीबद्दल आईचा निकाल: "भाजी म्हणून चांगली आहे." तर्रीबाज यांना कळवावं.

त्रिशुंडला गेंडा मला सापडेना, आईला सापडला. तिने शिपायांच्या टोप्या बोटाने मोजल्या आणि विचारलं, "याला चारा कोण घालायचं?" शंकासुर, यावर तुमच्याकडे काही आहे का?

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. चहावाल्याचं पितळी पातेलं बघून आईला कल्हईची आठवण आली. तिथल्याच एका गिऱ्हाइकाने सांगितलं, कसब्यात तांबट आळी आहे, जवळच. रविवार म्हणून बरीचशी दारं बंद, पण एका घरातून ठोक्यांचा आवाज येत होता. दारात उभ्या राहिलो. काका पायाने हंडा धरून फिरवत होते आणि हातोडी एकाच जागी पडत होती. प्रत्येक ठोक्याला नखाएवढी चकाकी उमटत होती, शेजारी-शेजारी, माशाच्या खवल्यांसारखी. त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो, ते नुसतं नक्षीसाठी नसतं, हे काकांनी वर न बघता सांगितलं. पेशव्यांच्या काळापासून ही आळी इथे आहे. आईचा गुडघा त्या उंबऱ्यावर पाऊण तास अजिबात कुरकुरला नाही.

आता प्रश्न असा. आईकडे साताऱ्याला तिच्या सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आहे. बूड चेपलंय आणि एका कडीचा जोड सुटलाय. दुकानातून "मोडीत द्या" एवढंच ऐकू येतं. काकांना विचारायचं सुचलं ते रिक्षात बसल्यावर. जुनं भांडं पुन्हा मठारून देतात का? कुणी करून घेतलंय?

लाकूडकामी

माझ्या आजीचा बंब करून घेतलाय. भोक नसेल तर होतं. भांडं न घासता न्या, चिंच लावून चकचकीत करून नेऊ नका. काळेपणावरून पत्रा कुठे पातळ झालाय ते त्यांना दिसतं. आणि रविवारी नको.