मदत हवी आहे: दिराला एमडीआर टीबी, खाल्लेलं टिकत नाही, काय द्यावं?

स्मिता_घणसोली: माझ्या दिराला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, निघालाय, गोळ्या सुरू होऊन महिना होत आला, पण वजन वाढायचं सोडून उतरतंच आहे, दोन घास खाल्ले की मळमळ नाहीतर उलटी. सासूबाई म्हणतात पौष्टिक द्या पण काय द्यायचं? चांगली प्रोटीन पावडर सांगा, जरा लवकर सांगा प्लीज.

कळवेकर: बकरीचं दूध आणि रोज चार अंडी. माझा मामा त्यावरच उभा राहिला.

नीलम_ऐरोली: ताई, कुठल्या गोळ्या? वजन किती? साखर तपासली का? गोळ्या कधी घेतात?

पार्सिकवाला: जेवणाने टीबी जात नाही, औषधाने जातो, उगाच पावडरीवर पैसे घालू नका.

डोंबिवली_आजोबा: घरातल्या लहान मुलांना बीसीजी दिलंय ना?

स्मिता_घणसोली: अहो मुलांचं विचारलंच नाहीये मी! वजन ४१, उंची साडेपाच फूट. साखर नॉर्मल. सहा महिन्यांचा कोर्स आहे, बेडाक्विलीन, लिनेझोलिड, मॉक्सि आणि अजून एक. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी घेतात, आधीच्या साध्या टीबीला तसंच सांगितलं होतं.

नीलम_ऐरोली: चौथी प्रीटोमॅनिड असणार. ताई, हा कोर्स वेगळा आहे, बेडाक्विलीन आणि प्रीटोमॅनिड खाऊनच घ्यायच्या असतात, बेडाक्विलीन तर उपाशीपोटी घेतली तर जवळजवळ निम्मीच अंगी लागते. आणि मॉक्सिबरोबर लोहाचं टॉनिक, कॅल्शियम, अँटासिड नको, पावडरीतही ही खनिजं असतात, म्हणून किती तासांचं अंतर ठेवायचं ते सेंटरवर विचारून घ्या. रोज उलट्या होत असतील तर तेही लगेच सांगा, पोटॅशियम कमी झालं तर या गोळ्यांवर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, रक्त आणि ईसीजी बघतील. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

कळवेकर: म्हणजे अंडी चालतील ना?

नीलम_ऐरोली: चालतील, पण वास सहन होत नसेल तर बळजबरी कशाला. एकदम ताट वाढू नका, दर दोन तासांनी थोडं द्या. वरण पातळ नको, दाट आणि वर तूप, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची पेज, मऊ खिचडी, केळं. लिनेझोलिड चालू आहे तोवर जुनं चीज आणि चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस टाळा, बीपी वाढू शकतं. दारू अजिबात नाही.

पार्सिकवाला: तेच म्हणतोय मी, खरं काम औषधाचं.

रेशनवाली_ठाणे: दादा, अर्धंच बोलताय तुम्ही. झारखंडमध्ये २८०० टीबी पेशंटना औषधाबरोबर रेशन देऊन अभ्यास झाला, २०२३ ला लॅन्सेटच्या जर्नलमध्ये आलाय. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. रेशन म्हणजे तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, महागडा डबा नव्हे. ताई, ४१ चे ५ टक्के म्हणजे साधारण दोन किलो, दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

पार्सिकवाला: औषध सोडून खायला घालणारे बघितलेत म्हणून बोललो. दोन्ही करा, मग वाद नाही.

कोपरखैरणे_संदीप: टीबी पेशंटच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिना १००० रुपये कोणाला येतात का? नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत म्हणे, माझ्या बायकोच्या खात्यात काहीच नाही.

रेशनवाली_ठाणे: खातं आधारला जोडलंय का बघा, नाहीतर १८००११६६६६ वर फोन करा, टोल फ्री आहे. स्मिताताई, तुमच्याही दिराचं खातं निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलंय का विचारा.

स्मिता_घणसोली: विचारते. उद्यापासून नाश्ता करूनच गोळ्या देते, आधी सेंटरवर फोन करून. अजून एक, ते म्हणतात पायाला मुंग्या येतात, अशक्तपणामुळे असेल ना?

नीलम_ऐरोली: तसं धरून चालू नका. लिनेझोलिडने नसांना त्रास होतो, मुंग्या, तळव्यांची आग, नजर धूसर होणं, हे त्यातलंच असू शकतं, लवकर सांगितलं तर डोस बदलता येतो. नजरेचं विचारलंत का त्यांना?

स्मिता_घणसोली: नाही. आत्ता विचारते.

नीलम_ऐरोली: विचारा, आणि सेंटरच्या फोनवर सगळ्यात आधी हेच सांगा, जेवणाचं नंतर.