मदत हवी आहे: कंपनीची सुट्टी गुरुवारी, वीकेंड एमबीए शनि-रवि, कसं जमवलंत?

नमस्कार मंडळी,

मी भोसरी एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पीपीसीला आहे, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई मेकॅनिकल आणि तेव्हापासून शॉप फ्लोअरच. यंदा पुण्यातच एका कॉलेजात वीकेंड एमबीएला ॲडमिशन मिळालीय, दोन वर्षांचा कोर्स, शनिवारी दुपारी चार ते आठ आणि रविवारी नऊ ते पाच लेक्चर्स. पहिला हप्ता महिनाअखेर भरायचाय, त्याआधी अनुभवी लोकांचं मत हवंय.

अडचण वाराची आहे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते, आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार ठरवून दिले, ते तसेच चालू राहिले. आणि वीकेंड कोर्स सगळे शनि-रवि सुट्टीवाल्यांसाठी बनवलेले. अटेंडन्स ७५ टक्के लागतेच, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. पीएल म्हणजे हक्काची पगारी रजा आम्हाला २० दिवस कामाला १ या हिशोबाने मिळते, म्हणजे वर्षाची पंधराच्या आसपास, त्यात रविवार कुठून भागवणार आणि घरातलं लग्नकार्य, मुलीचं आजारपण हे कुठून काढणार?

शनिवारचं सोपं आहे, फर्स्ट शिफ्ट घेतली की साडेतीनला सुटते, चारला नाही तरी सव्वाचारपर्यंत वर्गात पोचेन. रविवारचा मात्र तिढा आहे. आमच्या मोठ्या कस्टमरची असेंब्ली लाइन रविवारी चालते. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या स्टोअरमधून फोन येतो, मॅडम ब्रॅकेटचा दोन तासांचाच माल उरलाय, गाडी कुठंय, मग ट्रान्सपोर्टरला फोन, पेंट शॉपला फोन, अर्धा लॉट पॅक झाला असेल तर तेवढाच टेम्पोत भरून पाठवा, हे सगळं माझ्या टेबलवरून चालतं. लाइन थांबली तर डेबिट नोट येते, म्हणजे त्यांचं नुकसान आमच्या नावावर टाकतात, त्यामुळे रविवारी तू हवीसच हे साहेबांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही.

मी त्यांच्यापुढे असं मांडलंय की मला रविवार सुट्टी द्या आणि गुरुवारी मी येते. गुरुवारी मशीन बंद असतात, मेंटेनन्सची टीम तेवढी असते, तेव्हा स्टॉक शांतपणे मोजता येतो. चालू दिवशी मोजायला गेलं की ट्रॉल्या हलत असतात आणि सिस्टिममधला आकडा आणि फ्लोअरवरचा आकडा कधी जुळत नाही. शिवाय पुढच्या आठवड्याचं शेड्यूल गुरुवारीच लावून ठेवता येईल. रविवारच्या डिस्पॅचसाठी माझ्या हाताखालचा मुलगा आता तयार झालाय, चांगला हुशार आहे, त्यालाही पुढे यायची संधी मिळेल. साहेब अर्धे तयार आहेत. एचआर म्हणतं गुरुवारी कंपनीची बस नाही, कँटीन बंद, आणि एकीला दिलं तर उद्या दहा जण मागतील.

तर पहिला प्रश्न हा की तुमच्यापैकी कुणी शिकण्यासाठी साप्ताहिक सुट्टीचा वार बदलून घेतलाय का? लेखी घेतलंत की तोंडीच? मला भीती ही आहे की तोंडी कबूल करतील, आणि मार्चमध्ये इयर एंडिंगला, नेमक्या परीक्षेच्या तोंडावर, या आठवड्यात रविवारी याच म्हणतील.

दुसरा प्रश्न पैशांचा. फी सहा लाखांच्या घरात आहे. कंपनी अर्धी द्यायला तयार आहे पण कोर्स संपल्यावर तीन वर्षांचा बाँड, मध्ये सोडलं तर सगळी रक्कम परत. मला वाटतं जितकी वर्षं काम केलं त्या प्रमाणात रक्कम कमी व्हायला हवी, हे कुणी मागून मिळवलंय का? नाहीतर एज्युकेशन लोन. एवढ्या रकमेला बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि इन्कम टॅक्समधली एज्युकेशन लोनची ८०ईची वजावट सगळे सांगतात पण ती फक्त व्याजावर असते आणि तीही जुन्या टॅक्स पद्धतीत. माझा पगार १२.७५ लाखांच्या आत आहे, नव्या पद्धतीत मला टॅक्सच लागत नाही, मग त्या वजावटीचा मला काय उपयोग? लोन घेताना हा फायदा धरून कुणी हिशोब करू नका एवढं मात्र आवर्जून सांगते.

आणि अभ्यास. अकाउंट्स मी आयुष्यात शिकलेले नाही. डेबिट-क्रेडिटपासून सुरुवात करायची तर पहिल्या सेमिस्टरच्या आधी काय वाचू, मराठीत सोपं काही असेल तरी चालेल. कॉमर्सचं अकरावी-बारावीचं पुस्तक आणलंय, ते पुरेल का?

*

ॲड करते, कारण दोन-तीन जणांनी तेच विचारलंय.

ऑनलाइन वर्षभराचा कोर्स का नाही? त्यातले बरेचसे सर्टिफिकेट कोर्स असतात, नावात एक्झिक्युटिव्ह आणि मॅनेजमेंट असलं तरी डिग्री नसते. डिग्री आणि डिप्लोमातला फरकही नीट बघून घ्या, आयआयएमनासुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत डिग्री देता येत नव्हती, पीजी डिप्लोमाच द्यायचे, आणि त्यांचं नाव एवढं मोठं म्हणून कुणाचं अडलं नाही. इतर ठिकाणी अडू शकतं. मला पुढेमागे शिकवायची इच्छा आहे म्हणून विद्यापीठाची डिग्रीच हवी.

एमबीएच कशाला, असंही एकांनी विचारलंय. दर महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये फायनान्सवाले इन्व्हेंटरी डेज (माल किती दिवस पडून राहतो), वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) असं बोलतात आणि निर्णय तिथेच होतात. माल कुठे अडकलाय, का अडकलाय हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहितीये, पण मी बोलते ट्रॉल्यांच्या हिशोबात आणि ते ऐकून पुढच्या स्लाइडवर जातात. मला तिथे बसून त्यांच्या आकड्यांत बोलायचंय.

घरचं विचाराल तर नवरा हिंजवडीला आयटीत, त्याला शनि-रवि सुट्टी, मुलगी पहिलीत आहे, ती तेव्हा त्याच्याकडे असेल. तो मनापासून तयार आहे. पण आत्ताही आम्हा दोघांची सुट्टी एका दिवशी येत नाही आणि पुढची दोन वर्षं रविवार आला तरी मी घरी नसेन. नवरा-बायको दोघं नोकरीत असताना ज्यांनी हे केलंय त्यांनी, विशेषतः ताई लोकांनी, आठवडा कसा लावला होतात ते सविस्तर लिहा प्लीज. सासूबाई यायला तयार आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, लिफ्ट नाही, म्हणून शक्यतो त्यांच्यावर टाकायचं नाहीये.

एचआरबरोबर मीटिंग येत्या शुक्रवारी आहे. वार बदलल्याचं पत्र कुणाकडे असेल तर त्यातली वाक्यरचना, नावं काढून, इथे टाकलीत तर फार मदत होईल.