गैरवापर होणार हे ठाऊक असूनही देवाने इच्छास्वातंत्र्य का दिलं?

गोदाकाठ
२०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. नाशकात प्रवचनांना तोटा नाही, आणि शंकासमाधानात हा प्रश्न हटकून येतो: देव सर्वज्ञ, म्हणजे माणूस स्वातंत्र्याची माती करणार हे त्याला आधीच ठाऊक, मग दिलंच का? ठरलेलं उत्तर असं की जबरदस्तीची भक्ती ही भक्तीच नव्हे. उत्तर खोटं नाही, पण त्यावर फार ओझं टाकलं जातं.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात यावर बारीक काम झालंय. १९५५ साली जे. एल. मॅकीने मांडलं की माणूस एकदा स्वेच्छेने चांगलं वागू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वेच्छेने चांगलंच वागणारी माणसं असण्यात विसंगती काय? सर्वशक्तिमान देवाने तशी का घडवली नाहीत? १९७४च्या सुमारास अल्विन प्लांटिंगाचं उत्तर आलं. कोण कुठल्या प्रसंगी स्वेच्छेने काय निवडेल हे त्या माणसावर ठरतं, देवावर नाही. घडवता येण्याजोगा प्रत्येक जण कुठेतरी एकदा तरी घसरणारच असेल, हे अशक्य नाही. तसं असेल तर निर्दोष जग देवालाही मिळणार नाही.

इथे बहुतेक जण गफलत करतात. प्लांटिंगा 'असं आहे' म्हणत नाही, 'असं असू शकतं' एवढंच म्हणतो. देव आणि दुष्टपणा एकत्र असण्यात तार्किक विसंगती नाही, हे दाखवायला तेवढं पुरतं. देवाने स्वातंत्र्य का दिलं, याचं कारण त्यातून मिळत नाही. ते कारण आपल्या परंपरेत आहे का, यावर मतं हवीत.

तर्ककर्कश
परंपरेकडे जाण्याआधी या उत्तराची भोकं मोजू.

एक, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. यात कोणाच्या स्वातंत्र्याचा गैरवापर? घरांच्या जाड दगडमातीच्या भिंतींनी बळी वाढवले हे खरं, पण भूकंप भिंतींनी केला नाही.

दोन, आपल्याच पंचवटीतली २७ ऑगस्ट २००३ची चेंगराचेंगरी, ३९ मृत्यू. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहते, आतल्या माणसाला स्वतःचं पाऊलही स्वतःच्या इच्छेने टाकता येत नाही. कोणाचाही जीव घ्यायची इच्छा नसताना जीव गेले. 'नैसर्गिक' आणि 'मानवी' या दोन्ही कप्प्यांत हे बसत नाही.

तीन, आणि हे मला सर्वांत भारी वाटतं. इच्छा मोकळी ठेवण्यासाठी परिणामही मोकळा सोडावा लागत नाही. खुन्याला ठरवू दे, सुरी उचलू दे. ऐनवेळी हात लुळा पडू दे. त्याचं स्वातंत्र्य शाबूत, मरणारा वाचला.

गोदाकाठ
तिसऱ्याचं उत्तर जुनंच आहे. प्रत्येक वेळी हात लुळा पडला तर चार दिवसांत सगळ्यांना कळेल की सुरी कापत नाही. मग सुरी उचलण्यात खुनाचा इरादाच उरणार नाही. निवडीला अर्थ यायला सृष्टीचे नियम भरवशाचे हवेत.

तर्ककर्कश
प्रत्येक वेळी कोण म्हणतंय? शंभरातले नव्वद वाचवा. सृष्टीचे नियम अपवादाने मोडत असतील तर चमत्कारांच्या कथा सांगणाऱ्यांनी हे कारण पुढे करू नये.

पंचवटीकर
गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातलं 'दिलं' हेच वेदान्ताला मान्य नाही. तिथे देव शून्यातून जीव घडवून त्याच्या हाती स्वातंत्र्य ठेवत नाही. जीव अनादी, त्याचं कर्मही अनादी.

वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ म्हणजे ब्रह्मसूत्रं, त्यांत हा वाद क्रमाने येतो. २.१.३४: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'; ईश्वर पक्षपाती वा निर्दय ठरत नाही, कारण तो जीवाच्या कर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो. आक्षेप लगेच पुढच्याच सूत्रात: सृष्टीच्या आधी भेदच नव्हता, तर कर्म कुठून आलं? उत्तर: 'अनादित्वात्'. मग २.३.४१ म्हणतं की जीवाचं कर्तृत्वही ईश्वराकडूनच येतं. मग 'हे करा, हे करू नका' हे शास्त्राचे विधिनिषेध फुकट जातील, म्हणून २.३.४२: जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच तो करवतो. गीतेतही १८.६१मध्ये सगळी भूतं यंत्रावर बसवल्यासारखी फिरतात, आणि दोनच श्लोक पुढे 'यथेच्छसि तथा कुरु'. हे दोन एकत्र वाचायचे असतात; प्रवचनकार सोयीचा एकच उचलतात.

शंकराचार्यांचा दृष्टान्त पावसाचा. भात आणि जव दोन्ही उगवायला पाऊस हे समान कारण, पण भाताचा भात होतो आणि जवाचा जव, तो बीजामुळे. पावसाला दोष नाही.

तर्ककर्कश
हा दृष्टान्त नाशिक जिल्ह्यात चालवून बघा. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर गळ-कूज होते, डाऊनी हा रोग पसरतो. मणी पिकताना झाला तर तडकतात. बीज तेच, वेल तीच, बागही तीच. फरक पावसाच्या वेळेने पडला. आपण पावसाला दोष देत नाही, कारण त्याला छाटणीची तारीख माहीत नसते. तुमच्या ईश्वराला असते.

आणि 'अनादी' म्हणजे हप्ता पुढे ढकलणं. या जन्मीची वृत्ती मागच्यामुळे, ती त्याच्या मागच्यामुळे. साखळीतली प्रत्येक कडी समजली, तरी ही साखळीच का आहे, ते राहिलंच.

पंचवटीकर
अनादीला 'का' विचारणं म्हणजे सुरुवात गृहीत धरणं. तुमचं भौतिकशास्त्रसुद्धा कुठेतरी 'नियम असे आहेत' म्हणून थांबतंच की. वेळेचं म्हणाल तर पाऊस कधी पडेल हेही कर्मसापेक्षच. दृष्टान्त एका अंशापुरता असतो, त्याला पूर्ण शेती करायला लावू नका!

सिडकोवाला
मुळात इच्छास्वातंत्र्य आहे का? मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा १९८३चा प्रयोग: हात हलण्याआधी सुमारे ५५० मिलिसेकंद मेंदूत हालचाल सुरू, 'आता हलवू' ही जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी. विषय संपला.

गोदाकाठ
संपला नाही. २०१२ साली शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची चढण म्हणजे निर्णयच असावा असं नाही. मेंदूतल्या आपोआप होणाऱ्या चढउतारांची सरासरी काढली तरी तसाच आलेख मिळतो. शिवाय वाटेल तेव्हा मनगट हलवणं आणि लाच घ्यावी की नाही हे ठरवणं, यांत फार अंतर आहे.

त्रिरश्मी
पांडवलेण्यांच्या, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या गावात या चर्चेत बुद्धाचं नाव अजून निघालं नाही, कमाल आहे. अंगुत्तरनिकाय या पाली बौद्ध ग्रंथाच्या तिकनिपात या भागात तीन मतं खोडली आहेत: सगळं पूर्वकर्मामुळे, सगळं ईश्वरनिर्मितीमुळे, सगळं विनाकारण. युक्तिवाद तिन्हींना एकच. तसं असेल तर माणूस हिंसा करतो, चोरी करतो तीही त्याच कारणाने. मग 'हे करावं, हे करू नये' या इच्छेला आणि प्रयत्नाला जागाच राहत नाही. म्हणजे नुसता ईश्वर वगळून भागत नाही, पूर्वकर्मालाही सर्वाधिकार देता येत नाही.

'अनादी कर्म' या उत्तराची किंमत या शहराने पाहिली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं होतं की जन्म हे पूर्वकर्माचं फळ. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मणं हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. काय हातात आहे आणि काय नाही, याची रेघ त्यांनी ईश्वराला न विचारता आखली.

पंचवटीकर
दार बंद करणारे तेव्हा मोकळेच होते आणि पाप त्यांचंच. २.३.४२ त्यांना सुटका देत नाही.

त्रिरश्मी
सूत्र देत नसेल. सूत्र सांगणारे देत होते.

गोदाकाठ
आता पसायदान घ्या. 'जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो.' खळ मरो असं मागणं नाही, त्याचं स्वातंत्र्य काढून घे असंही नाही. नुसता वाकडेपणा जावा. हे मागणं निरर्थक नसेल, तर स्वातंत्र्य न मोडता वृत्ती बदलता येते.

तर्ककर्कश
म्हणजे मॅकी बरोबर! रती नंतर वाढवता येते, तर आरंभीच वाढवून का दिली नाही?

पंचवटीकर
मागणं कोणाकडे आहे ते बघा. 'विश्वात्मकें देवें' म्हणजे श्रीगुरू निवृत्तिनाथ, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरीच. गुरू शिकवून रती वाढवतो, आणि शिकणाऱ्याला ऐकावं-न ऐकावं ही मुभा राहते. आरंभीच भरलेली रती शिकलेली नसते.

तर्ककर्कश
शिकवणीला वेळ लागतो हे मान्य. पण त्या वेळात ज्याचा गळा कापला जातो, तो त्या वर्गात बसलेला नसतो. त्याने फी का भरायची?